मागून म्हणणारी माणसं

गोव्याच्या गाण्याचा विषय निघाला की नावं एकेकट्यांची येतात. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ. केसरबाईंची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, हे आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात, आणि सांगावंच. पण या मोठ्या नावांच्या आजूबाजूला वाड्यावाड्यांवर जे गाणं चाललं होतं, ते कुणा एकाचं नव्हतं. दर गुरुवारी, दर एकादशीला, श्रावणात तर रात्ररात्र, दहा-पंधरा जणांनी एकदम म्हणायचं ते गाणं. त्यात कुणाचा आवाज वेगळा ओळखू आला तर बुवा डोळे वटारायचे. अशा गाण्याचा इतिहास कोण लिहिणार? ओळखू यायचंच नाही, हा तर तिथला नियम.

मी फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर वाढले. आमच्या देवळात भजनी मंडळ आहे. त्याची नोंदणी पुष्कळ उशिरा झाली, बोर्ड त्याहून उशिरा लागला आणि घटना कुणी वाचल्याचं अजून ऐकिवात नाही. मंडळ कधी सुरू झालं असं विचारलं की म्हातारे एकच उत्तर द्यायचे, "आमी जल्मचे आदींसावन आसा." आम्ही जन्मायच्या आधीपासूनचं. लेखी पुरावा एकच, जमाखर्चाची वही. थोरल्या काकांनी ती सांभाळली, आता ती माझ्याकडे आहे. सुरुवातीच्या पानांवर रकमा एस्कुदांत आहेत, मध्येच एका पानापासून रुपये सुरू होतात. गोवा मुक्त झाल्याची वहीतली नोंद एवढीच. १९ डिसेंबर १९६१ला काय झालं ते वहीला माहीत नाही, पखवाजाला नवी पुडी कधी बसवली ते मात्र पक्कं माहीत आहे. रॉकेल, गॅसबत्तीचं मेंटल, चहापूड, साखर, चणे, टाळांचे जोड, दोरी. मग एका वर्षी रॉकेल संपतं आणि बल्ब येतात.

गाण्याबद्दल त्या वहीत एक अक्षर नाही. कोणता अभंग, चाल कुणाची, म्हटलं कुणी, काही नाही. पण दोरीची खरेदी सारखी सारखी आहे, आणि ती का लागते हे मंडळात बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. टाळांची दोरी मुलं तोडतात. वहीत मुलांची नावं नाहीत, पण कुठल्या वर्षी मंडळात मुलं भरपूर होती ते दोरीवरून बरोबर कळतं.

मूल पाच-सहा वर्षांचं झालं की ते बापाच्या नाहीतर आजोबांच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसतं आणि टाळांचा सगळ्यांत हलका जोड त्याच्या हातात येतो. वाजवायचा नाही, नुसता धरायचा. "टाळ बंद दवर, पयलीं आयक," टाळ बंद ठेव, आधी ऐक, हा पहिला धडा. दोन्ही टाळ एकमेकांना चिकटवून धरले की हात हलला तरी आवाज फुटत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, पण मात्रा मोजायला कुणी शिकवत नाही. शेजारचा मोठा माणूस समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आपल्या गुडघ्याने मुलाचा गुडघा दाबतो. दर समेला एक दाब. मी अशीच शिकले, काकांच्या गुडघ्याकडून. कधीतरी तो दाब थांबतो, पण थांबला हे मुलाला कळत नाही, कारण तोवर सम त्याच्या अंगात गेलेली असते. मग टाळ उघडायची परवानगी. उघडा ठोका आणि बंद ठोका असे दोन आवाज नीट काढता आले की मग तोंड उघडायचं, तेही बुवांची ओळ पुरी झाल्यावर, सगळ्यांबरोबर.

पुढची पायरी ठरलेली नसे. ज्याचा हात बसला त्याला पखवाज, ज्याला गळा असेल त्याला गौळणीतली एखादी ओळ, उरलेले मागून म्हणणारे. उरलेलेच जास्त. आयुष्यभर मागून म्हणत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एक पाडेली होते, माडा-पोफळींवर चढणारे. त्यांना पन्नास वर्षांत एकदाही एकट्याने ओळ मिळाली नसेल. त्यांना गाणं येत होतं का? बुवांना एखाद्या अभंगाचं तिसरं कडवं आठवलं नाही की मान त्यांच्याकडे वळायची. एवढंच सांगते.

माझी स्वतःची टाळ वाजवायची मुभा चौथी-पाचवीपर्यंतच होती. नंतर मुलींनी आत, बायकांत बसायचं. तिथे ऐकू सगळं यायचं आणि ओठही हलायचे.

मंडळात बोलणं कोकणीत आणि गाणं मराठीत. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. कोकणी की मराठी, हा राजभाषेचा वाद पेटला तेव्हा आमच्या वाड्यावरही दोन तट पडले, दोन-तीन घरांत जाणं-येणं बंद झालं. १९८७मध्ये कायदा झाला. त्या काळातल्या गुरुवारी दोन्ही तटांतली माणसं यायची, तुकोबांचे अभंग मराठीतून म्हणायची आणि चहाच्या वेळी कोकणीतून भांडायची. भजन कुणी चुकवलं नाही.

मराठी आणि देवाचं गाणं यांची गाठ गोव्यात जुनी आहे, आणि ती फक्त देवळांची नाही. मंगेश, म्हाळसा, शांतादुर्गा ही दैवतं सोळाव्या शतकात जुवारी नदी ओलांडून फोंडा महालात आली, कारण हा भाग तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. तो त्यांच्याकडे गेला १७६३मध्ये, म्हणजे भजनाची परंपरा इकडे टिकायला पुष्कळ वेळ मिळाला. नदीच्या पलीकडे, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, १६१६मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं, मराठीत, ओवीबद्ध. चर्चमध्ये लोक त्या ओव्या म्हणायचे. पुढे १७३६मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जे फर्मान काढलं त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी ओव्या म्हणायच्या नाहीत, उघडपणे नाही आणि घरात लपूनछपूनही नाही, अशी बंदी होती. एकशेवीस वर्षांत ओवीची चर्चमधून अशी हकालपट्टी! मला त्या फर्मानात एक गोष्ट फार बोलकी वाटते. राज्यकर्त्यांनी एकट्या गायकाची धास्ती घेतलेली दिसत नाही. चार बायका एकत्र बसून लग्नाच्या ओव्या म्हणतात, त्याची घेतली.

चर्चने मात्र स्वतःची मुलं गाण्याला बसवली, आणि चांगली बसवली. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना वाचन, धर्मशिक्षण आणि स्वरलिपी शिकवली जायची. तिथला मेस्त म्हणजे गावचा गायनमास्तर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशाच घरातले. त्यांचे वडील तिथल्या चर्चमध्ये गायकवृंद सांभाळायचे. मुलगा मुंबईला गेला, सिनेमाच्या वाद्यवृंदात बसला, प्यारेलालांचा गुरू झाला. मुंबईच्या सिनेसंगीतात गोमंतकीय वादकांची जी फळी उभी राहिली तिच्यातल्या कितीतरी जणांचं पहिलं शिक्षण मेस्ताच्या बाकावरचं. १९५२मध्ये अंतोनियु द फिगेरेदु यांनी पणजीत संगीताची अकादमी सुरू केली, तोवर ही व्यवस्था काही शतकं चालत आलेली होती. आमच्याकडे बुवा, त्यांच्याकडे मेस्त. दोघांचाही पगार बेताचा आणि दोघांच्याही हातात छडी.

ऑफिसात माझी एक सहकारी होती, ताळगावची, त्यांच्या चर्चच्या क्वायरमध्ये ऑल्टो म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, ऑल्टो म्हणजे काय? ती म्हणाली, "आमकां केन्नाच चाल मेळना." आम्हाला चाल कधीच मिळत नाही. चाल वरच्या आवाजांकडे, सोप्रानोंकडे. ऑल्टो त्याच्या खाली दुसरंच काहीतरी म्हणतात, जे एकटं म्हटलं तर गाणं वाटतही नाही. मग तिने डबा बाजूला ठेवून मला तिच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या, टेबलावर बोटांनी ताल धरून. खरंच त्याला ना शेंडा ना बुडखा. नंतर नाताळच्या आधी मी त्यांच्या तालमीला गेले तेव्हा त्याच दोन ओळी चौघा आवाजांत ऐकल्या आणि ऑल्टो कुठे आहे ते शोधत बसले. सापडली नाही. पण मास्तरांनी एकदा ऑल्टोंना गप्प बसवलं, तेव्हा सगळं गाणं पोकळ झालं.

त्या तालमीत मला आमच्या मंडळाची एक जुनी अडचण उलगडली. आपल्याकडे सगळ्यांनी एकच ओळ म्हणायची असते. पुरुष पेटीच्या काळी एक पट्टीत गातात, फार तर काळी दोन. बायकांचा गळा काळी चार-पाचला खुलतो. म्हणजे पुरुषांच्या पट्टीत बायका गायल्या तर खाली घुसमटतात नाहीतर एक सप्तक वर किंचाळतात, आणि बायकांच्या पट्टीत पुरुषांची तीच गत. लहान मुलं वरच्या सप्तकात सहज म्हणतात, म्हणून ती चालतात. बाई चालत नाही, असं काका म्हणायचे. लाजलज्जा, सोवळंओवळं ही कारणं होतीच, पण पट्टी हे कारण पुढे करायला फार सोयीचं पडे. मुलगा चौदाचा झाला, आवाज फुटला, की त्याचंही गाणं बंद. आमच्याकडे अशा मुलाला पखवाजावर बसवतात किंवा तो क्रिकेटला पळतो आणि परत येत नाही. माझा धाकटा भाऊ पळाला तो पळालाच. क्वायरमध्ये तोच मुलगा सोप्रानोतून ऑल्टोत, मग टेनर किंवा बास या पुरुषी आवाजांत सरकतो. त्याला बसायला जागा असते. आपल्या भजनात हार्मनी नाही याची मला खंत नाही, उलट पंधरा गळ्यांनी एकच सूर धरल्यावर देवळाची लाकडी तुळई जी थरथरते ती मला जास्त प्रिय आहे. पण फुटलेल्या आवाजाच्या पोरांसाठी आपण काही केलं नाही, हे खरंच आहे. त्या वयात गळलेली मुलं चाळिशीनंतर परत येतात, कधी वडील गेल्यावर. तोवर अभंग विसरलेले असतात.

बायकांसाठी मात्र काहीतरी झालं, आणि ते झालं स्पर्धेमुळे. कला अकादमी १९७०मध्ये स्थापन झाली. गावोगावी भजन रुजवणाऱ्या मनोहरबुवा शिरगांवकरांच्या नावाने तिची राज्यभराची भजन स्पर्धा होते. तिच्यात पुरुष, महिला आणि बाल असे वेगवेगळे विभाग. महिला विभाग आहे म्हटल्यावर आमच्या वाड्यावरच्या बायकांनी पंचायतीतून फॉर्म आणला. घरी सांगायला कारण झालं, "सरकारी स्पर्धा आहे." आईच्या पिढीने भजन आत बसून पाठ केलं होतं, ते एका पावसाळ्यात बाहेर आलं. पेटी काळी चारवर लावली. पखवाजाला पहिली दोन वर्षं पुरुष घेतला, मग आमच्यातलीच एक शिकली. तिच्या सासूने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "आनी घरांत रांदप कोण करतलो?" घरचा स्वयंपाक कोण करणार? पुढे तीच सासू टाळ घेऊन दुसऱ्या ओळीत बसली आणि ठेका पुढे पळाला की पखवाजवालीवर, म्हणजे सुनेवरच, डोळे काढायला लागली.

म्हणून स्पर्धेला मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण तिने भजनाचं काय केलं तेही पाहिलं आहे. घड्याळ लावून गायचं म्हटल्यावर अभंग आखडला. एक ओळ दहा वेळा घोळवण्यात जी मजा, ती गेली. तान घेणारा बुवा हवा, म्हणून बाहेरून गायक आणायची पद्धत पडली. काही मंडळं तर नावाला वाड्याची आणि गळ्याने शेजारच्या तालुक्याची. नाट्यगीताच्या चाली अभंगांना गोव्यात पूर्वीपासून लावतात, त्यात वावगं काही नाही, नाटकवेड आपल्या रक्तातच आहे. पण परीक्षकांसमोर त्या चालींना इतक्या हरकती लागल्या की मागून म्हणणाऱ्यांना ओळ उचलताच येईना. मग त्यांनी फक्त "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचं. पाठांतर असलेल्या माणसाला हे काम देणं म्हणजे त्याला रजा देण्यासारखंच. आमच्या पाडेल्यांनी ती घेतली. स्पर्धेच्या वर्षी ते तालमीला यायचे, चहा प्यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे.

दुसरं नुकसान माइकने केलं. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माइक बुवांच्या तोंडासमोर, दुसरा पेटीजवळ, तिसरा पखवाजाला. मागच्यांना काही नाही. पूर्वी मागच्यांनी आवाज चढवला की बुवाला विश्रांती मिळे, आता मागचे कितीही ओरडले तरी बाहेरच्या भोंग्यातून एकट्या बुवाचंच ऐकू येतं. मुलं हुशार असतात. आपलं ऐकूच जात नाही हे त्यांना पहिल्यांदा कळतं, आणि ती तोंड मिटतात. मागच्या वर्षी मी सचिवांना म्हटलं की मागच्या ओळीच्या डोक्यावर एक माइक टांगा, क्वायरवाले टांगतात तसा. ते म्हणाले, "ताई, मग कोण बेसूर गाता तें कळटलें." कळेल की! कळायला नको?

माइकवाचूनचं गाणं ऐकायचं तर सप्ताहात, म्हणजे अखंड भजनात, रात्री तीनच्या पहाऱ्याला, तीनच्या पाळीला जावं. गोव्यातला सर्वांत मोठा सप्ताह वास्कोचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जीवघेणी साथ आली, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून श्रीफळ आणून ठेवलं आणि अखंड भजन केलं. तेव्हापासून दर श्रावणात दुपारपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, चोवीस तास, टाळ खाली ठेवत नाहीत. वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, रात्री वाजतगाजत निघतात, जत्रा तर पुढे कितीतरी दिवस चालते. २०२०मध्ये तोच सप्ताह मोजक्या माणसांत करावा लागला. साथ जावी म्हणून सुरू झालेलं भजन साथीमुळेच आवरतं घ्यावं लागलं, आणि त्या काळात माणसांनी एकत्र बसून गाण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नव्हतं. फोनवर भजन करून पाहिलं आम्ही. एकाचा आवाज दुसऱ्याकडे पोचेपर्यंत सम निघून जाते. गुडघा दाबायलाही शेजारी कुणी नाही.

आमच्या गावचा सप्ताह वास्कोच्या मानाने लहान, पण नियम तोच. वाड्यांना पहारे वाटून दिलेले असतात. संध्याकाळच्या पहाऱ्याला गर्दी, रेशमी झब्बे, मोबाईल वर. बाराला चण्याची उसळ आणि फोव, म्हणजे पोहे, होतात, पोटं भरतात, माणसं पांगतात. तीनचा पहारा कुणालाच नको असतो. चिठ्ठ्या टाकल्या तरी तो कसा कोण जाणे आमच्याच वाड्याकडे येतो. तेव्हा माइकवाला झोपलेला असतो. सात-आठ माणसं उरतात, त्यांत दोन मुलं, जी घरी जायला तयार नसतात. एरवी पट्टीवरून भांडणारे सगळे तेव्हा एकाच पट्टीत गातात. पुरुष काळी एक सोडून जरा वर येतात, बायका जरा खाली, पोरं मध्ये कुठेतरी. अडीच-तीनला गळा तसाही बसलेला असतो, त्यामुळे कुणाला मानपानाची पडलेली नसते. बायका पुरुषांत बसतात की नाही हा प्रश्नही त्या वेळी कुणाला आठवत नाही. मी पुन्हा टाळ हातात घेतला तो अशाच एका पहाऱ्याला, काकांच्या शेजारी. त्यांनी गुडघा दाबून पाहिला. सम चुकत नव्हती, मग त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

गोव्यात आता नवी मंडळीही उभी राहत आहेत, वेगळ्या वाटेने. गोवा विद्यापीठात अँथनी गोन्साल्विसांच्या नावाचं अध्यासन आहे, त्यातून २०१३मध्ये विद्यापीठाचा क्वायर तयार झाला. २००९पासून पणजीत चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन परवडत नसलेल्या मुलांना व्हायोलिन, चेलो आणि समूहगान शिकवतं. त्यांच्या कार्यक्रमाला मी जाते, पहिल्या रांगेत बसून मुलांचे चेहरे बघते. शेजाऱ्याचं ऐकत ऐकत स्वतःचं म्हणणाऱ्या मुलाच्या कपाळावर एक आठी असते. ती आमच्या टाळवाल्या पोरांच्या कपाळावरही तशीच असते.

यंदा मंडळाच्या सभेत मी ठराव मांडला आहे. गुरुवारचं भजन पुरुषांचं, बायकांचं, मुलांचं असं वेगळं न ठेवता महिन्यातून एकदा एकत्र करायचं, काळी दोन किंवा पांढरी तीनवर, आणि आवाज फुटलेल्या पोरांना खालच्या सप्तकात वेगळं बसवायचं. अध्यक्षांनी विचारलं, "हें खंयच्या विभागांत बसता?" कुठल्याच नाही. त्यामुळे बक्षीस नाही, अनुदान नाही. खजिनदारांना खर्च विचारला तेव्हा चहा आणि दोरी एवढंच निघालं. ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. मी दोरी आणून ठेवली आहे, बिल वहीत लावायचं आहे.